कान्हेरीच्या चढावर अनसूयावहिनी

अनसूयावहिनी गाडी चालवायला बसल्या की आधी पायातल्या चपला काढायच्या आणि सीटखाली सरकवून द्यायच्या. पाहणाऱ्याला वाटे, बाई यंत्राला देव मानते. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मी विचारलं तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, "देवबिव काय न्हाई ग. पायाला कळाय पायजे, खाली काय चाललंय ते. चप्पल मधी आली की मशीन एक बोलतं आन् पायाला दुसरंच ऐकू येतं."

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हाची ही गोष्ट. मोटार चालवणारी बाई आम्ही परळच्या लोकांनी पाहिली असलीच तर मलबार हिलकडून येणारी, काळा चष्मा लावलेली एखादी श्रीमंताघरची. नऊवारीचा काष्टा घातलेली, हनुवटीवर गोंदण असलेली, गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात दिवसभर उभी राहणारी बाई स्टेअरिंगमागे बसते हे दृश्य इतकं नवीन होतं, की आमच्या रस्त्यावरचा पानवाला पहिल्या दिवशी दुकानातून खाली उतरून पाहत राहिला. वहिनींनी गाडी थांबवली, काचेतून डोकं बाहेर काढलं आणि त्याला विचारलं, "काय राह्यलं का बघायचं? फिरून येऊ का परत?"

त्यांची चाळ आणि आमची चाळ समोरासमोर. मध्ये एक मोकळं अंगण. आमच्याकडे सगळे मालवण-सावंतवाडीचे, बहुतेक गिरणीत विणकर. त्यांच्याकडे सातारा-कोरेगावकडची कुटुंबं. पुढे ती सारी बौद्ध झाली. अंगण एकच असलं तरी पाण्याचे नळ दोन होते, आणि कुणाचा कोणता हे न सांगता सगळ्यांना माहीत होतं. मी तेव्हा वीस वर्षांची. मॅट्रिक होऊन म्युनिसिपालिटीच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. म्हणून वहिनी मला कुंदा न म्हणता 'मास्तरीणबाई' म्हणायच्या. त्यात थोडी थट्टा असे, थोडा मान.

त्यांचे यजमान, साळवेदादा, टॅक्सी चालवायचे. उंच, कमी बोलणारा माणूस. गाडी जुनी, विलायती बनावटीची, पुढची सीट सलग बाकासारखी. ते ती रोज सकाळी दोन बादल्या पाण्यानं धूत. चळवळीत ते नव्हते. सभांना जात नसत, मोर्चात चालत नसत. पण फोर्टात गोळीबार झाला त्या दुपारी त्यांची टॅक्सी तिथून जात होती. रस्त्यात पडलेल्या दोन पोरांना त्यांनी गाडीत घातलं आणि इस्पितळात पोचवलं. मग कुणी न सांगता परत गेले. दुसऱ्या खेपेला आणखी एकाला उचलून मागच्या सीटवर ठेवत असताना गोळी त्यांच्या डाव्या गुडघ्यात शिरली. क्लच दाबायला पाय उरला नव्हता. इंजिन चालूच होतं; गिअर कसाबसा पहिल्यात ढकलून, तशीच गुरगुरत त्यांनी गाडी इस्पितळापर्यंत नेली. मागचा पोरगा वाचला. साळवेदादांचा पाय मांडीतून कापावा लागला.

चाळीत त्यांचा सत्कार झाला. दोन भाषणं झाली, हार पडला. नंतर चळवळ पुढे गेली आणि साळवेदादा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहिले. वर्षाहून अधिक काळ ते खाली उतरले नाहीत. कुबड्या कोपऱ्यात तशाच उभ्या. भिंतीकडे तोंड करून बसायचे. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. वहिनींना तो वाळलेला हार एक दिवस खिळ्यावरून काढून चुलीत टाकताना मी पाहिलं. म्हणाल्या, "हार वाळला तर वाळू दे. मानूस वाळाय नको."

गाडी खाली अंगणाच्या कडेला ताडपत्रीखाली उभी होती. टॅक्सीचा परवाना परत गेला होता. एका संध्याकाळी वहिनी पाळी संपवून आल्या तर एक गृहस्थ ताडपत्री वर करून बॉनेटवर हात ठेवून उभा. मी नळावर होते. वहिनींनी विचारलं, "कोन पायजे?"

"साळव्यांनी निरोप पाठवला होता. गाडी विकायची आहे म्हणून."

"आदी हात काढा."

"अहो बाई, तुमच्या मालकांनीच..."

"मालक वर बसल्यात. गाडी हितं हाय. हात काढा म्हन्ते ना." त्यांनी ताडपत्री त्याच्या हातातून ओढून घेतली आणि दोरी आवळून गाठ मारली. मग वर गेल्या. आमच्या गॅलरीपर्यंत त्यांचं बोलणं ऐकू आलं. साळवेदादा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलत होते. "चालवणार कोण ती? गंजून जाईल. डोळ्यासमोर नको ती माझ्या."

"मी चालवनार."

"तू?" ते हसले. ते हसणं ऐकवत नव्हतं. "स्टेअरिंग म्हणजे लाटणं नव्हे."

"लाटनं बी तुमाला कुटं येतंय?" वहिनी म्हणाल्या, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

साळवेदादांचे जुने जोडीदार कासमभाई भायखळ्याच्या स्टँडवरून टॅक्सी चालवत. वहिनी त्यांच्याकडे गेल्या. कासमभाईंनी दोन रविवार खपून इंजिन चालू केलं, आणि मग दर रविवारी ते गाडी वडाळ्याला न्यायचे. तिथे मिठागरांच्या कडेला कडक, सपाट जमीन होती; आडवं येणारं कुणी नाही. मी दोन-तीनदा बरोबर गेले. वहिनी गाडी सुरू करत, गाडी उडी मारून बंद पडे, पुन्हा सुरू करत. कासमभाई कपाळाचा घाम पुसत म्हणायचे, "भाभी, क्लच आहिस्ता छोडने का. गाडी डरती है." वहिनी म्हणायच्या, "गाडीच डरती है ना? मैं नहीं डरती. फिर से."

चौथ्या की पाचव्या रविवारी त्यांनी इंजिनाकडे कान दिला. त्यांची सगळी उमर यंत्रांच्या आवाजात गेलेली. खात्यात सूत तुटायच्या आधी आवाज बदलतो, तो त्यांना पाठमोऱ्या असतानाही कळे. तसंच इथेही झालं. एकदम चेहरा उजळला. "कळलं. गिअर मागायच्या आदी ती हुंदका देती. तवा पाय टाकायचा." त्या दिवसापासून गाडी उडी मारेनाशी झाली.

लायसनच्या परीक्षेसाठी नियमांचं छोटं पुस्तक होतं. वहिनींना सही येत होती, वाचन अडखळत. म्हणून शाळा सुटल्यावर मी त्यांच्या खोलीत जाऊन ते मोठ्यानं वाचू लागले. आमच्या घरी त्यावरून कुरबुर झाली. वडील म्हणाले, बाईनं गाडी शिकायची आणि तू वाचून दाखवायचं, लोक काय म्हणतील? आईची अडचण वेगळी होती. ती उघड बोलत नव्हती, पण मी परत आले की म्हणायची, "हातपाय धू गो आधी." मी हातपाय न धुता जेवायला बसायला लागले. माझं बंड तेवढंच होतं तेव्हा.

साळवेदादा भिंतीकडे तोंड करून बसलेले असत आणि मी हाताचे इशारे, वळणाचे नियम वाचत असे. एकदा मी एक इशारा चुकीचा समजावला. भिंतीकडूनच आवाज आला, "उजवा हात तसा नाय. तळहात पुढं." वहिनींनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मग त्या मुद्दाम चुका करायला लागल्या.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी त्यांना दोनदा परत पाठवलं. पहिल्यांदा विचारलं, "घरी पुरुषमाणूस नाही का चालवायला?" वहिनी म्हणाल्या, "हाय की. त्याच्यासाटीच शिकले." दुसऱ्यांदा काहीतरी कागद अपुरा निघाला. तिसऱ्यांदा त्या सकाळी कचेरी उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसल्या. साहेबांनी विचारलं, "चढावर गाडी बंद पडली तर काय कराल?"

"पयला ब्रेक. मंग हँडब्रेक. मंग श्वास घीन."

"श्वास?"

"तुमी घेत न्हाई का?"

लायसन मिळालं. त्याच आठवड्यात वहिनींनी गाडीच्या छपराचा पिवळा रंग खरवडून काढला आणि स्वतः ब्रश घेऊन सबंध गाडीला काळा दिला. मागच्या डिकीवर चळवळीतल्या पोरांनी पूर्वी पांढऱ्या रंगात 'झालाच पाहिजे' असं लिहून ठेवलं होतं. तिथे आल्यावर ब्रश थांबला. "ऱ्हाऊ दे. आपल्याला बी लागू हाय."

आता कुठे जायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. लग्नानंतरच्या दिवसांत साळवेदादा त्यांना सांगायचे, बोरिवलीच्या डोंगरात सरकारनं मोठं राष्ट्रीय उद्यान केलंय, आत गाडीरस्ता आहे, फाल्गुनात तिथला डोंगर पेटल्यासारखा दिसतो, वर कान्हेरीची बुद्धाची लेणी आहेत. तीनदा ते उतारू घेऊन तिथे गेले होते. उतारू वर लेणी बघायला जात आणि ड्रायव्हर खाली गाडीपाशी थांबे. 'एक दिवस तुला नेतो,' ते म्हणायचे. "त्यो दिस त्यांच्यानं आला न्हाई," वहिनी मला म्हणाल्या, "म्हनून मीच आनला."

तो फाल्गुनातला रविवार होता. निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या, भिंतीभिंतींवर घोषणा होत्या. मी जाणार म्हटल्यावर आईनं एवढंच सांगितलं, "जातंस तर जा. पण त्यांच्यातला काय खाव नको."

सकाळी चाळीतली चार तरणी माणसं खुर्ची घेऊन वर आली. साळवेदादांना खुर्चीत बसवून खाली न्यायचं होतं. त्यांनी खुर्ची पाहिली आणि चेहरा पांढरा पडला. "चौघांनी उचलायला मी काय मढं हाय?" ते दाराची चौकट धरून बसले. कुबड्यांवर तो अरुंद जिना उतरणं त्यांना शक्य नव्हतं. खाली लोक जमलेले. माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकजण पुटपुटला, "राहू दे वैनी, नसेल त्यांच्या मनात."

वहिनींनी चौघांना जायला सांगितलं. मग त्यांनी पदर कमरेला खोचला आणि जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसकण मारली. दोन्ही हात मागे टेकवून त्या बसल्या बसल्या एक पायरी खाली उतरल्या. आणखी एक. मग मान वळवून म्हणाल्या, "या. असं बी उतरता येतं."

"अनशे, ऊठ. लोक बघतायत."

"बगू द्या. त्यांना दोन पाय हायती, त्यांनी उभ्यानं बगावं."

मग साळवेदादा सरकत सरकत जिन्यापाशी आले आणि पहिल्या पायरीवर उतरले. तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत ती दोघं शेजारी शेजारी, बसून, एकेक पायरी उतरली. मी कुबड्या घेऊन मागून. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. वहिनी तिथे थांबल्या, हसणाऱ्याकडे वर पाहिलं आणि तो आत जाईपर्यंत पाहत राहिल्या. खाली पोचेस्तोवर साळवेदादांचा सदरा घामानं भिजला होता. गाडीपाशी आल्यावर त्यांनी छपरावर हात फिरवला आणि म्हणाले, "रंग जाड दिलाय."

ते मागे बसले, मी पुढे. दादर, माहीम, वांद्रे गेलं तोवर मी मागे वळले की मला दिसे, त्यांचा उजवा पाय प्रत्येक ब्रेकला जमिनीवर दाबला जात होता. अंधेरीच्या पुढे रस्ता मोकळा झाला. भातखाचरं वाळून पिवळी पडलेली, आंब्यांना मोहोर. बोरिवलीला उजवीकडे डोंगर जवळ आले.

उद्यानाच्या फाटकावर म्हातारा पहारेकरी होता. त्यानं गाडीत वाकून पाहिलं. "ड्रायव्हर कुठाय?"

"समोर बसलीया."

त्यानं लायसन मागून घेतलं, उलटंसुलटं केलं, मग मागच्या सीटकडे पाहून म्हणाला, "दादा, पुढं चढ आहे, वळणं आहेत. बाईमाणसाच्या हातात..."

वहिनी उत्तर देणार एवढ्यात साळवेदादा बोलले. "तिच्या हातात लायसन हाय. माझ्या हातात नाय. सोड फाटक." पहारेकऱ्यानं फाटक सोडलं. वहिनींनी आरशात पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

आत शिरल्यावर हवा बदलली. रस्ता सुकलेल्या नदीच्या कडेनं जात होता; पांढरे गोटे आणि मधे मधे हिरवट डबकी. आणि मग पळस दिसला. एक, मग दहा, मग सगळी बाजूच केशरी. पानं एकही नाही, नुसती फुलं. पांगाऱ्यांची लालभडक बोटं वर आलेली, कुसुंबाला तांबडी कोवळी पालवी, तिच्यातून ऊन आरपार. तांबट पक्ष्याची टुकटुक इंजिनाच्या आवाजातही ऐकू येई. मुंबईतच जन्मलेली मी. डोंगर असा जवळून कधी पाहिला नव्हता. मी काहीतरी बोलले तर वहिनी म्हणाल्या, "तू सांग मला काय काय हाय ते. मी रस्ता सोडून बगनार न्हाई." म्हणून मी सगळा डोंगर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, नियमांच्या पुस्तकासारखा. माझं एखादं झाड चुकलं की मागून साळवेदादा दुरुस्त करायचे. "ती सावर. पळस न्हवं."

शेवटच्या चढावर, एका आडव्या वळणात गाडीनं धाप टाकली. बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन बंद पडलं. गाडी वीतभर मागे सरकली. डाव्या हाताला खोल घळ होती. वहिनींचा पाय ब्रेकवर, हातानं हँडब्रेक ओढलेला. मागे सहलीला निघालेल्या दोन खासगी मोटारी येऊन थांबल्या आणि भोंगे सुरू झाले. पहिल्या मोटारीतून एक गृहस्थ उतरले, परीटघडीचे कपडे, डिकीवरची अक्षरं वाचून हसले आणि काचेपाशी आले. "बाई, तुम्ही उतरा. मी वर काढून देतो. या रस्त्यावर हे धाडस बरं नव्हे."

"धाडस संपलं की सांगते," वहिनी म्हणाल्या. "तवर तुमी तुमची गाडी जरा मागं घ्या."

"अहो, तुमच्याच भल्याचं..."

"माझं भलं माज्या पायाखाली हाय. मागं घ्या म्हन्ते ना गाडी."

ते गेले. मी उतरून चाकामागे दगड लावले, इंजिन निवायला आम्ही थांबलो, बरोबरच्या कळशीतलं पाणी रेडिएटरमध्ये घातलं. मग वहिनी पुन्हा बसल्या. मागून साळवेदादांनी सुरू केलं, "आता हाफ क्लच धर, रेस दे, हँडब्रेक सोडताना..." वहिनी न वळता म्हणाल्या, "गप ऱ्हावा. मला तिला ऐकू द्या." भोंगे वाजतच होते. इंजिनाचा आवाज चढला, चढला, एका जागी थरथरला, आणि गाडी न सरकता, न उडता, सरळ वर निघाली. वळण संपलं तेव्हा मागच्या सीटवरून एक आवाज आला. साळवेदादा हसत होते. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मला गप म्हणली," ते मला सांगत होते, जणू मी तिथे नव्हतेच. "मला, साळवे डायव्हरला!"

गाड्या थांबतात तिथे वहिनींनी चपला घातल्या. वर जायला कातळातल्या पायऱ्या होत्या. साळवेदादांनी त्या पाहिल्या. या वेळी कुणी काही सांगितलं नाही. ते वळले, पायरीवर बसले आणि हात टेकून उलटे वर चढू लागले. वहिनी उभ्यानं चालत होत्या, एक पायरी पुढे. मागच्या मोटारीतले लोक आम्हाला ओलांडून गेले. साळवेदादांनी त्यांना रामराम घातला.

मोठ्या लेण्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या उंच मूर्ती आहेत. साळवेदादा तिथवर पोचले, तळहात सोललेले. बराच वेळ त्यांनी मान वर करून पाहिलं. मग दगडावर हात ठेवला. म्हणाले, "हे हितं होतं. आणि मी तीन वेळा खाली गाडी पुसत उभा होतो. वर येऊ नको असं मला कुणी सांगितलं पण नव्हतं, अनशे. मीच आलो नाय." वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. "आज आला न्हवं," एवढंच म्हणाल्या.

तिथेच आम्ही जेवलो. भाकरी, ठेचा, सुकटीची चटणी. मी त्यांच्या डब्यातलं खाल्लं आणि घरी गेल्यावर आईला सांगितलं. आईनं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "सुकटीत काय घालतत ती?" 

परतताना वहिनींनी गाडी तुळशी तलावाकडच्या रस्त्याला घेतली. तिथे एक सपाट, सरळ पट्टा होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पळस. वहिनींनी गाडी थांबवली, उतरल्या आणि मागचं दार उघडून म्हणाल्या, "पुढं बसा."

"येडी झालीस? क्लच कोण दाबणार?"

"मी."

त्यांना ड्रायव्हरच्या जागी बसवून त्या डाव्या बाजूनं त्यांना चिकटून बसल्या आणि उजवा पाय त्यांच्या पुढ्यातल्या क्लचवर ठेवला. मी मागे. साळवेदादांचे हात स्टेअरिंगवर आले. मग आवाज आला, "दाब." 

"दाबला."

"सोड... सावकाश... सावकाश."

गाडी निघाली. "दाब." "दाबला." गिअर पडला. "सोड." दोन डोकी, तीन पाय आणि एक गाडी. वेग फारसा नव्हता, पण दोन्ही काचा खाली होत्या आणि वारा आत येत होता. पट्टा संपला तेव्हा साळवेदादांनी स्वतः गाडी वळवली आणि पुन्हा तोच पट्टा घेतला. असं त्यांनी पाच वेळा केलं. हे कायद्यात बसत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. नियम मीच वाचून दाखवले होते.

त्यानंतर साळवेदादा रोज जिना उतरू लागले, बसूनच. वडाळ्याच्या मोकळ्या जमिनीवर ते लोकांना गाडी शिकवायचे. ते शेजारी बसून बोलायचे आणि चाक हातात देण्यापूर्वी दाखवायचं काम वहिनी करायच्या. वहिनींच्या खात्यातल्या चार बायका तिथे शिकल्या. त्यातल्या दोघींना नवऱ्यांनी बंद करायला लावलं, दोघी शेवटपर्यंत आल्या. मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी आमच्या अंगणात दिव्यांची रोषणाई होती. साळवेदादांना पुन्हा मंचावर बोलावलं, पुन्हा हार घातला. त्यांनी तो काढून वहिनींना दिला आणि ध्वनिक्षेपकावर सांगितलं, "भाषण नाय येत मला. गाडी येते." 

मग मी लग्न होऊन दादरला गेले. साळवेदादा गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यानंतर वहिनी अँटॉप हिलला भाचीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेल्या. मी अधूनमधून जायची. मोतीबिंदूनं दिसेनासं झालं तरी रस्त्यावरून गाडी गेली की त्या सांगायच्या, "तिसऱ्यात हाय, चौथा टाकाय पायजे ह्यानं." एकदा मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला कधी भीती नाही वाटली? त्या दिवशी, त्या वळणावर? त्या म्हणाल्या, "वाटली की. लय वाटली. पर ती वाटत असताना बी हात मोकळं असत्यात ना? मंग?" याहून मोठा उपदेश त्यांनी मला कधी केला नाही आणि मला तेवढा पुरला. मुख्याध्यापिका झाले, बदल्या सोसल्या, वरिष्ठांशी भांडले, तेव्हा तोच कामी आला.

त्या गेल्या तेव्हा वसाहतीच्या सभागृहात शोकसभा झाली. वक्ते चांगले होते, कळकळीनं बोलत होते. पण त्यांतल्या कुणी वहिनींना तरुणपणी पाहिलेलं नव्हतं. एकजण साळवेदादांच्या त्यागाबद्दल बोलला आणि म्हणाला, अशा वीराची आयुष्यभर सेवा करणारी ही मूक माउली. दुसऱ्यानं मूक हा शब्द पुन्हा वापरला. तिसरा म्हणाला, चार भिंतींच्या आत राहून त्यांनी पत्नीधर्म पाळला. मी पहिल्या रांगेत बसले होते. माझं नाव वक्त्यांच्या यादीत नव्हतं.

मी उठले. अध्यक्ष वाकून म्हणाले, "बाई, वेळ संपत आलाय. आपण आता श्रद्धांजलीला उभं राहू."

"बसा," मी म्हटलं. "अजून कुणी त्यांच्याबद्दल बोललंच नाहीये."

मी ध्वनिक्षेपकापाशी गेले. "अनसूयाबाई मूक नव्हत्या," मी म्हटलं. "चार भिंतींच्या आतही नव्हत्या. त्या गाडी चालवायच्या." सभागृहात चुळबुळ झाली, मग थांबली. मी वडाळ्याच्या जमिनीपासून सुरुवात केली. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा माझ्यापर्यंत चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी मी न वाचता टेबलावर ठेवली आणि बोलत राहिले.